जुना बागेचा ट्रॅक्टर भंगारात घालण्यापूर्वी

पुसद तालुक्यातील कोणत्याही बऱ्याशा गावी सहज फेरफटका करावा आणि गोठ्यामागे दृष्टी टाकावी. पऱ्हाट्यांच्या ढिगाआड एखादे लोखंडी धूड गंजत बसलेले आढळल्यावाचून राहत नाही. कोठे तो दोन चाकांचा पॉवर टिलर असतो, कोठे बागेत फिरणारा लहान ट्रॅक्टर. त्याच्या बैठकीवर कोंबड्या बसतात, धुराड्यात गांधीलमाश्या घर करतात. कपाशीची उलंगवाडी झाली व हात थोडे मोकळे झाले, की भंगारवाला दारी येतो, किलोच्या भावाने सौदा ठरतो आणि एकेकाळी ज्याची हळद-कुंकू लावून पूजा केली होती ते यंत्र तुकडे होऊन गावाबाहेर जाते. या सौद्याविरुद्ध चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. आमचे म्हणणे इतकेच, की कोणतेही जुने लहान यंत्र उघडून, मोजून व हिशेब मांडून पाहिल्याखेरीज विकू नये. आणि ते उघडण्याचे काम शक्य तोवर आपल्या घरीच, आपल्या हातांनी करावे.

हे यंत्र आपल्याकडे आले कसे, ते थोडक्यात आठवणे जरूर आहे. विदर्भाचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९५९-६० साली दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरले आणि खेड्यापाड्यांतील कास्तकारांनी देशोदेशींची यंत्रे प्रथमच डोळ्यांनी पाहिली. त्याच १९५९ साली फरीदाबाद येथे आयशर कंपनीचा ट्रॅक्टर या देशात तयार होऊन बाहेर पडला. पुढे १९६७ मध्ये बंगलोर येथे व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या सहकार्याने पॉवर टिलरचा उद्योग उभारला. बागेच्या यंत्राची कल्पना मात्र याहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ पासून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याचे प्रयोग केले व १९२० साली त्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत बेंजामिन ग्रेव्हली यांनी १९१६ साली चालत्या माणसाने हाती धरून न्यावयाच्या यांत्रिक नांगराचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या लहान लहान भातखाचरांत ही यंत्रे घरोघर झाली. म्हणजे ज्याच्याजवळ जमीन थोडी आणि काम बारीक, अशा शेतकऱ्यासाठीच हे यंत्र जन्मास आले, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या भागात पूस व पैनगंगेच्या खोऱ्यात ओलीत वाढले, हळदीचे वाफे आले, संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या. झाडांच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर वळत नाही, आणि वळला तर भारी काळी जमीन दाबून टाकतो. तेथे डवऱ्याची बैलजोडी चालते. परंतु बैलजोडीची किंमत, ढेप-कडब्याचा खर्च आणि सालदार मिळण्याची पंचाईत ही वाचकांस आम्ही सांगावयास नको. अशा ठिकाणी दहा-बारा अश्वशक्तीचे जुने यंत्र चालते झाले तर ते डौलाची वस्तू न राहता घरचे एक कामकरी माणूस होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की जुन्यावर जीव कशाला पाखडावा. नवे घ्यावे, सरकार अनुदान देते. अनुदान मिळते हे खरे. केंद्र सरकारने २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान चालविले व त्यातून पॉवर टिलर, लहान ट्रॅक्टर व अवजारे यांस साहाय्य झाले. त्याचा लाभ ज्यास गरज आहे त्याने अवश्य घ्यावा. परंतु अनुदान म्हणजे फुकट नव्हे. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम बहुधा कर्जानेच उभी राहते, आणि सोयाबीन पावसात सापडले किंवा कापसाचा भाव पडला तरी हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव कर्जापायी किती वेळा व कोणत्या दुःखद कारणाने वर्तमानपत्रांत आले, हे कोणास ठाऊक नाही? अशा जिल्ह्यात घरी असलेल्या यंत्राचे आयुष्य दहा वर्षांनी वाढविणे म्हणजे तितके कर्ज टाळणेच होय. अनुदानाचा सारा ओघ नव्या यंत्राच्या खरेदीकडे वाहतो; जुने उभे करणाऱ्याच्या श्रमाकडे कोणी पाहत नाही, ही गोष्ट आम्हांस न्याय्य वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुने यंत्र खड्ड्यासारखे असते. त्यात पैसा टाकावा तितका थोडाच, असे अनुभवी लोक म्हणतात. प्रस्तुत लेखकास याचा स्वानुभव असल्यामुळे तो येथे प्रांजळपणे सांगणे इष्ट आहे. आमच्या वडिलांनी घेतलेला एक पॉवर टिलर नऊ वर्षे गोठ्यात पडून होता. एके वर्षी हौसेने तो शहरातील एका दुकानी नेला. तेथे नवे लायनर, नवा पिस्टन, नव्या रिंगा बसविल्या गेल्या, रंग चढला, आणि यंत्र वाजतगाजत घरी आले. अकराव्या दिवशी हळदीच्या वाफ्यात एंजिनाने एकदम कर्कश आवाज केला व ते जाम झाले. दुकानदाराने हात झटकले. घालावयाचा होता तो पैसा घातला, बसावयाचा होता तो फटका बसला, आणि यंत्र पुन्हा पऱ्हाट्यांआड गेले.

दोन उन्हाळे गेल्यावर गावच्या एका वृद्ध मिस्त्रीस सहज ते दाखविले. त्यांनी तळाचे झाकण उघडून तेल ओढणारी जाळी बाहेर काढली. ती नऊ वर्षांच्या काळ्या गाळाने दगडासारखी बुजली होती. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, यात एंजिनाचा काय दोष? त्याले तेलच नाई भेटलं." नवे भाग बसविणाऱ्याने ती जाळी धुतली नव्हती हे खरे, पण ती धुतली काय, असे विचारण्याइतके ज्ञान मालकास नव्हते, हेही तितकेच खरे. त्या दिवशी आमची खात्री पटली, की जुन्या यंत्रास खड्डा करते ते मालकाचे अज्ञान. जो आपल्या बैलाचा खूर स्वतः उचलून पाहतो त्यास बाजारात कोणी फसवीत नाही. मग यंत्राच्या बाबतीतच आपण डोळे मिटून पैसे का मोजावे?

त्यानंतर होळीपासून मृगापर्यंतच्या दिवसांत, सकाळचे ऊन चढेपर्यंत व संध्याकाळी, मिस्त्रींच्या देखरेखीखाली आम्ही व आमचा मुलगा यांनी ते एंजिन घरच्या ओसरीवर उघडले. खरादीचे काम तेवढे शहरातून करून आणिले. सारा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या चौथाईच्या आत राहिला, आणि तो टिलर आज पाचव्या वर्षी वाफ्यात चालत आहे. त्या अनुभवातून जो क्रम आम्हांस योग्य वाटला तो वाचकांपुढे ठेवितो.

जाम झालेल्या एंजिनास प्रथमच हँडल मारण्याची किंवा ओढून चालू करण्याची घाई मुळीच करू नये. नोझल काढून त्या भोकातून थोडे पातळ तेल व डिझेल सिलिंडरमध्ये सोडावे आणि चार-आठ दिवस तसेच राहू द्यावे. मग फ्लायव्हील हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे हलवावे. गंजाने धरलेली रिंग अशा सबुरीने सुटते. जबरदस्तीने ती तुटते व लायनर ओरखडते. दरम्यान डिझेलची टाकी रिकामी करून तिच्या तळाचा गाळ व पाणी काढावे, फिल्टर बदलावा, आणि एंजिनाचे व पेटीचे तेल वेगवेगळ्या भांड्यांत गाळून पाहावे. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे; तळाशी चकाकणारा चुरा असेल तर बेअरिंग वा दाते झिजले आहेत. रोग्याची नाडी पाहावी तशी ही तेलाची परीक्षा आहे, आणि तिला एक पैसाही खर्च येत नाही.

हेड उतरविल्यावर लायनरच्या वरच्या टोकाशी नख फिरवावे. जेथवर रिंग पोचते तेथे नखास स्पष्ट पायरी लागली, तर लायनर झिजले असे समजावे व खरादीकडून माप घ्यावे. नवी रिंग घालण्यापूर्वी ती लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतील फट फीलर गेजने मोजावी. ती पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच असली पाहिजे. व्हॉल्व्ह घोटून बसविल्यावर हेड उलटे ठेवून त्यात डिझेल ओतावे; काही वेळाने मागील बाजूस पाझर दिसला तर घोटाई अपुरी झाली. क्रँकचा गोल भाग मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजावा, कारण तो अंडाकृती झाला असेल तर नवे बेअरिंग चार दिवसही टिकत नाही. आणि तेलाची जाळी, तेलाच्या नळ्या व पंप ही स्वतःच्या डोळ्यांदेखत धुवून घ्यावी. पट्टे बदलावयाचे तर सर्व एकदमच बदलावे. एक नवा व दोन जुने घातले तर सारा ओढा नव्यावर पडतो. रंग अगदी शेवटी. रंगाने आरंभ करणाऱ्याचे यंत्र दारात शोभते, वाफ्यात चालत नाही.

सावधगिरीचे दोन शब्द येथेच सांगणे आमचे कर्तव्य आहे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. एंजिन उलटे फिरले तर मुठीभोवती आवळलेला अंगठा मोडतो. बंद खोलीत एंजिन चालवू नये, त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो. जुन्या क्लच व ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यामुळे ती धूळ हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पेट्रोलने भाग धुवू नयेत, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कोणीही, विशेषतः लेकरांनी, जाऊ नये.

आता हिशेबाचा मुद्दा. प्रत्येक जुने यंत्र उभे करावेच, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे हा नुसता हट्ट होईल. उघडून पाहिल्यावर त्याची तीनपैकी एका वर्गात वाटणी करावी. ज्याचा क्रँक, पेटी व मुख्य सांगाडा धड आहे आणि केवळ झिजणारे भाग गेले आहेत, ते उभे करण्याजोगे. ज्याचा सांगाडा तडकला किंवा पेटीतील दात तुटून त्याचा जोड मिळत नाही, ते स्वतः उभे राहणार नाही, परंतु दुसऱ्यास उभे करू शकेल. गावात त्याच जातीची दोन यंत्रे असतील तर दोन मालकांनी एकत्र बसून दोहोंचे एक करावे. आणि ज्यात यांपैकी काहीच उरले नाही, ते खुशाल भंगारवाल्यास द्यावे. काम सुरू करण्यापूर्वीच खर्चाची मर्यादा कागदावर लिहून ठेवावी. त्याच जातीचे चालते जुने यंत्र बाजारात ज्या किमतीस मिळते तिच्या निम्म्यापलीकडे जाऊ नये, हा नियम आम्ही पाळतो. मर्यादा ओलांडण्याची वेळ आली तर थांबण्यात कमीपणा नाही. आणि हप्ता फेडताना आपल्या श्रमाचा दिवस जसा मोजतो तसा येथेही मोजावा. मात्र उन्हाळ्यातील जो दिवस एरवी पारावर गेला असता त्यास पेरणीच्या दिवसाचा भाव लावू नये.

सुटे भाग मिळतात काय, हा प्रश्न कित्येकांस अडवितो. याचे उत्तर यंत्राच्या जातीवर अवलंबून आहे. इंग्लंडातील लिस्टर कंपनीच्या जुन्या संथ एंजिनाच्या धर्तीची एंजिने गुजरातेत राजकोट येथे पुष्कळ कारखान्यांनी घडविली, म्हणून त्याचे भाग आजही सुलभ आहेत. उलट पिंजोर येथील सरकारी एचएमटी कारखान्याचा ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१६ मध्ये झाला, आणि त्या मजबूत ट्रॅक्टरांच्या मालकांस भागांसाठी हिंडणे आले. यावरून दोन धडे घ्यावे. घरातील यंत्राची जुनी पुस्तिका व भागांच्या क्रमांकांची यादी सातबाराच्या उताऱ्याइतकी जपून ठेवावी. आणि नवे यंत्र घेताना त्याची चमक न पाहता, दहा वर्षांनी त्याचा भाग कोण देईल, हे आधी विचारावे.

हा दुसरा धडा यापुढे अधिकच महत्त्वाचा होणार आहे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले, व तेव्हापासून त्या एंजिनांतील इंधनाचा कारभार संगणकाकडे जाऊ लागला. हवेची शुद्धी इष्टच आहे. परंतु ज्याचा दोष पान्याने सापडत नाही त्या यंत्राची किल्ली शेवटी कंपनीच्या हाती राहते. अमेरिकेतील शेतकरी याच प्रश्नावर झगडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा करून शेतीयंत्राच्या मालकास दुरुस्तीची माहिती व साधने मिळण्याचा हक्क दिला, व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. आपल्या देशातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि तिने हाती घेतलेल्या विषयांत शेतीची अवजारे होती. परंतु जो हक्क बजाविण्याचे कौशल्यच आपल्या हातांत उरले नाही, तो कागदावर मिळून काय उपयोग? म्हणूनच जुन्या साध्या यंत्रावर हात बसविणे ही पुढील काळाची तयारी आहे, असे आम्ही समजतो.

जुन्या ट्रॅक्टरास सरकार चालू देणार नाही, अशी एक भीती मध्यंतरी गावोगाव पसरली होती. तीस आधार नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. ज्यांच्या ट्रॅक्टरची मुदत सरली असेल त्यांनी दुरुस्तीबरोबर कागदही दुरुस्त करून घ्यावे, म्हणजे रस्त्यावर मान खाली घालावी लागणार नाही.

शेवटी आपल्या संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. संस्थेच्या अवजार बँकेत नांगर-रोटाव्हेटरबरोबर दुरुस्तीची हत्यारेही असावी. फीलर गेज, मायक्रोमीटर, बेअरिंग ओढण्याचा पुलर, नोझल तपासण्याचा पंप आणि नट ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पाना, एवढा संच एका सभासदास परवडत नाही, परंतु शंभरांस सहज परवडेल. दुसरे, दर उन्हाळ्यात उलंगवाडीनंतर आठ दिवसांचा वर्ग भरवावा व त्यात एखाद्या सभासदाचेच बंद यंत्र सर्वांदेखत उघडावे. पुसद येथे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांस विनंती केल्यास विद्या व अनुभव यांची गाठ पडेल. तिसरे, ज्या वृद्ध मिस्त्र्यांच्या बोटांत हे ज्ञान आहे त्यांस या वर्गाचे गुरू म्हणून मानधनासह बोलवावे. त्यांची मुले बहुतेक पुण्या-मुंबईकडे गेली आहेत, आणि त्यांचे शिकलेले त्यांच्याबरोबरच जाण्याच्या बेतात आहे.

ही तिसरी सूचना आम्हांस सर्वांत निकडीची वाटते. आमच्या टिलरची जाळी ज्यांनी बाहेर काढली ते मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत. दृष्टी मंद झाली आहे. तरी एंजिन सुरू करून त्यांच्या जवळ नेले, तर कोणता व्हॉल्व्ह सैल आहे ते ते आवाजावरून सांगतात. आमचा मुलगा त्यांच्याजवळ बसून तो आवाज ओळखावयास शिकत आहे. अद्याप निम्म्या वेळा चुकतो. येत्या उन्हाळ्यात संस्थेने वर्ग भरविण्याचे मनावर घेतल्यास पहिले यंत्र म्हणून आमचाच टिलर उघडावयास देऊ. सभासदांनी आपापल्या गोठ्यामागील यंत्राची जात, साल व दोष एका पोस्टकार्डावर लिहून संस्थेच्या कचेरीत कळवावा, म्हणजे कोणाचे काय कोणास उपयोगी पडेल याची यादी मृगापूर्वी तयार करता येईल. तोवर भंगारवाला दारी आलाच, तर त्यास आणखी एक वर्ष थांबावयास सांगावे.